उजव्या खांद्यावर सहा लेझर

लेझरला गोळ्या लागत नाहीत. दारूगोळ्याचं वजन नाही, तो संपण्याची धास्ती नाही, शत्रूच्या माऱ्यात तो आपल्याच अंगात फुटेल ही भीतीही नाही. म्हणून 'मेकवॉरिअर ऑनलाइन'मध्ये आलेला नवा खेळाडू पहिला मेक हाती पडला की मिळेल त्या जागी लेझर बसवत सुटतो. पहिल्या चकमकीत तो सगळे एकदम डागतो, आणि त्याचं पन्नास टनांचं यंत्र शत्रूच्या पुढ्यात बंद पडून उभं राहतं. लेझरची किंमत तापात मोजावी लागते, आणि ती रोखीनं मोजावी लागते.

यंदाच्या अंकाचा विषय 'आच' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हा खेळ आठवला. मी नाशिकला आतेभावाकडे गेले. तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे कापणाऱ्या लेझर मशिनांची देखभाल करतो आणि रात्री जेवणं आटोपली की लेझरवाला मेक चालवतो. दिवसा काय, रात्री काय, त्याचा डोळा तापावरच असतो.

खेळ कॅनडातला, व्हँकुव्हरच्या पिरान्हा गेम्स या कंपनीनं केलेला. २०१२च्या ऑक्टोबरात तो चाचणीसाठी सर्वांना खुला झाला आणि २०१३च्या सप्टेंबरात रीतसर सुरू झाला. खेळायला पैसे पडत नाहीत. काळ एकतिसाव्या शतकातला. बारा जणांची तुकडी विरुद्ध बारा जणांची तुकडी. प्रत्येक जण एका दोन पायांच्या लढाऊ यंत्रात, म्हणजे मेकमध्ये, बसलेला. यंत्र २० टनांपासून १०० टनांपर्यंतचं. नेहमीच्या सामन्यात एकदा यंत्र पडलं की त्या सामन्यापुरते तुम्ही संपलात, पुन्हा उठून येणं नाही. म्हणून इथे धसमुसळेपणा चालत नाही, आणि म्हणूनच लढाईआधीच्या बांधणीला एवढं महत्त्व आहे.

टनात बसतं, जागेत बसत नाही

बांधणी होते ती मेकलॅबमध्ये. पडद्यावर मध्यभागी मेक उभा असतो आणि त्याच्या प्रत्येक अवयवाचे चौकोनी स्लॉट उघडे असतात. डोकं, धडाचा मधला भाग, धडाच्या दोन बाजू, दोन हात, दोन पाय. कुठल्या अवयवात कुठल्या जातीचं शस्त्र बसेल हे त्या मेकच्या नमुन्यावर ठरलेलं असतं. त्यापलीकडे मालक तुम्ही.

भावाचा मेक हंचबॅक, नमुना ४पी. हंचबॅक हे या खेळाच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. मूळ नमुन्यात त्याच्या उजव्या खांद्यावर एकच अवजड तोफ असते. तिचंच वजन १४ टन. ४पी नमुन्यात ती तोफ काढून त्या उंचवट्यात सहा लेझर भरले आहेत. शिवाय दोन्ही हातांत एकेक आणि डोक्यात एक. एकूण नऊ.

"आता तू बांध," तो म्हणाला आणि माउस माझ्याकडे सरकवला.

पन्नास टनांतून सुरुवात केली. साधा सांगाडा पाच टनांचा. एंडो-स्टीलचा घेतला तर अडीच टनांत भागतं, पण तो अंगभर मिळून १४ स्लॉट अडवतो. चिलखत पुरतं भरलं तर साडेदहा टनांच्या आसपास जातं. २५० रेटिंगचं साधं इंजिन, जायरो आणि कॉकपिट धरून, साडेअठरा टनांचं. त्यावर हा मेक ताशी ८१ किलोमीटर धावतो. कारखान्यातून येतं ते २०० रेटिंगचं इंजिन ठेवलं तर वेग पासष्टच्या आत राहतो आणि पन्नास टनांच्या यंत्राला तो फार अपुरा पडतो. इथवर साडेएकतीस टन गेले. नऊ मीडियम लेझर एकेका टनाचे, म्हणजे आणखी नऊ. उरले साडेनऊ टन, आणि हीट सिंक टनाला एक.

"म्हणजे नऊ हीट सिंक घालू?"

"टनात बसतील गं ताई. जागेत बसणार नाहीत."

उष्णता बाहेर टाकणारा साधा हीट सिंक एक स्लॉट घेतो. दुप्पट क्षमतेचा डबल हीट सिंक तीन स्लॉट घेतो, आणि ते तिन्ही एकाच अवयवात असावे लागतात. उजव्या बाजूला १२ स्लॉट, त्यात सहा लेझर, म्हणजे तिथे दोनच सिंक. डाव्या बाजूला चार. हातांत लेझरखाली उरतं त्यात दोन-दोन. हे दहा झाले, पण एंडो-स्टीलचे चौदा स्लॉट अजून बाकी. पाय, छाती, हातांतले उरलेसुरले कोपरे असे वेचूनही सहा कमी पडतात, आणि ते सहा देताना दोन सिंक जातात. राहिले आठ. इंजिनाच्या पोटात दहा असतातच. एकूण अठरा. शेवटी दीड टनाच्या आसपास वजन शिल्लक राहिलं, आणि त्याला घालायला जागा नाही.

एंडो-स्टील काढलं तर जागा मोकळी होते, पण अडीच टन जातात. एक्सएल जातीचं इंजिन घातलं तर सहा टन वाचतात, पण ते धडाच्या दोन्ही बाजूंत तीन-तीन स्लॉट घेऊन पसरतं. मग कुठलीही एक बाजू फुटली की अख्खा मेक जागीच मरतो. हंचबॅकच्या बाबतीत हा सौदा आत्मघातकी आहे. शत्रूच्या नजरेला पहिला तो उंच उजवा खांदाच पडतो. २०१७मध्ये मधला मार्ग म्हणून लाइट इंजिन आलं. ते थोडं कमी वजन वाचवतं, पण एक बाजू गेली तरी जगतं. भाऊ मात्र साध्या इंजिनावर ठाम आहे. "खांदा जाणारच आहे," तो म्हणतो. "तो गेल्यावर मी काय करणार, हे आत्ता ठरवायचं असतं."

मला त्याचं हे म्हणणं पूर्ण पटलं. नवखे लोक मेक बांधताना तो धडधाकट असतानाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवतात. मुरलेले लोक तो अर्धा मोडल्यावर कसा चालेल याचा विचार करतात.

फासे होते तेव्हा

हे टन आणि स्लॉट संगणकासाठी केलेले नाहीत. ते १९८४ सालच्या एका पटावरच्या खेळातून आले आहेत. शिकागोच्या फासा कॉर्पोरेशननं तो 'बॅटलड्रॉइड्स' या नावानं काढला. जॉर्डन वाइसमन आणि रॉस बॅबकॉक हे कंपनीचे संस्थापक. 'ड्रॉइड' या शब्दावर लुकासफिल्मनं हक्क सांगितला आणि खेळाचं नाव 'बॅटलटेक' झालं. षटकोनी घरांचा नकाशा, एक घर म्हणजे ३० मीटर, एक डाव म्हणजे दहा सेकंद. मीडियम लेझर तेव्हाही एक टनाचा, पाच गुणांचा मार देणारा, नऊ घरांपर्यंत पोचणारा. आजच्या खेळातही त्याचा पुरता मार २७० मीटरपर्यंतच लागतो. पुढे तो घटत जातो आणि ५४० मीटरला शून्य होतो. चाळीस वर्षांत हा हिशेब मोडलेला नाही.

एक गोष्ट मात्र मुळापासून बदलली. पटावर मार कुठे बसला हे दोन फासे ठरवायचे. आठ लेझर लागले तरी एक हातावर, एक पायावर, दोन छातीवर असे विखुरत. संगणकावर फासे गेले आणि माउस आला. आता आठही लेझर बोटभर जागेत एकदम लागू शकतात. पन्नास टनांच्या मेकच्या धडाच्या एका बाजूवर पुढून-मागून मिळून जास्तीत जास्त ४८ गुणांचं चिलखत चढतं. नऊ मीडियम लेझर मिळून ४५ गुणांचा मार देतात. म्हणजे एका नेमात ती बाजू उघडी पडते.

हे ४८ गुणही दुप्पट करून दिलेले आहेत. पटावर टनाला १६ गुणांचं चिलखत मिळायचं, इथे ३२ मिळतं. तरी ते पुरेना, म्हणून लेझरच्या वागण्यातच फरक केला. इथला मीडियम लेझर एका क्षणात लागत नाही. त्याचा किरण साधारण सेकंदभर पेटलेला राहतो आणि मार त्या सेकंदात वाटला जातो. तेवढा वेळ नेम हलला नाही तर पाचही गुण एका जागी. शत्रूनं अंग फिरवलं तर दोन छातीला, दोन हाताला, एक हवेत.

माझ्या मते या खेळातली सर्वांत चांगली कल्पना हीच. तोफेचा गोळा सोडला की तोफवाला ओट्याआड दडू शकतो. लेझरवाल्याला सेकंदभर उघड्यावर थांबावं लागतं. ज्याला तुम्ही भाजता आहात त्याला तुम्ही तेवढा वेळ दिसत असता.

भुताचा ताप

दुसरी अडचण वेळेची. पटावर दहा सेकंदांत एकदा डागायचं. इथे मीडियम लेझर तीन-चार सेकंदांत पुन्हा तयार होतो. शस्त्रं तिप्पट जलद झाली, पण हीट सिंक बरेचसे जुन्याच चालीनं निवत राहिले. त्यामुळे पटावर जो मेक गार वाटायचा तो इथे तव्यासारखा तापतो. नोव्हा नावाच्या पन्नास टनी मेकचं उदाहरण या मंडळींत नेहमी निघतं. त्याच्या मूळ नमुन्याला लांब पल्ल्याचे बारा मीडियम लेझर असतात. पटाच्या नियमांनी बारा डागले की ६० गुण उष्णता चढते आणि त्याचे १८ डबल सिंक एका डावात ३६ बाहेर टाकतात. बाराही एकदम डागू नयेत हे नोव्हा चालवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

एकाच जातीची शस्त्रं कोंबून एकदम डागण्याची चटक तरी सुटेना. तेव्हा २०१३मध्ये एक नियम आला. ठरावीक संख्येपेक्षा जास्त सजातीय शस्त्रं अर्ध्या सेकंदाच्या आत डागली की वरचा दंड उष्णतेत बसतो. मीडियम लेझरसाठी ती संख्या सहा. शस्त्राच्या तक्त्यावर हा दंड कुठे दिसत नव्हता, म्हणून खेळाडूंनी त्याला 'घोस्ट हीट' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. त्या काळी यावर खूप वाद झाला. नियम आडवळणाचा आहे, हे खरंच. पण त्यामुळे लेझर डागण्यात लय आली. भाऊ खांद्यावरचे सहा माउसच्या डाव्या बटणावर ठेवतो, हातांचे आणि डोक्यातला असे तीन उजव्या बटणावर. आधी डावं, मग अर्ध्या सेकंदाचा श्वास, मग उजवं. त्याची बोटं हे आपोआप करतात. मला तो मधला अर्धा सेकंद पाळताच येत नव्हता. एक तर मी घाई करायची, नाही तर फार थांबायची.

सातपूरचा चिलर

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर कारखान्यात गेले. तिथलं फायबर लेझर कटिंग मशीन लोखंडाचा पत्रा सहज कापत जातं. बघणाऱ्याचं लक्ष त्या ठिणग्यांकडे जातं. त्याचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या कपाटाएवढ्या चिलरकडे होतं. आत पाणी फिरत असतं. ते लेझरच्या स्रोतातली आणि कापणाऱ्या डोक्यातली उष्णता घेऊन येतं. पाण्याचं तापमान ठरल्यापेक्षा वर गेलं की अलार्म वाजतो आणि लेझर बंद होतो.

"विजेतला ढोबळ एक तृतीयांश भाग उजेड होतो," तो म्हणाला. "बाकीचा ताप. लेझर विकत घेणारा माणूस अर्धे पैसे थंडाव्याला मोजतो असं समज." पैशांचा आकडा त्याचा अंदाज, पण तापाचं म्हणणं खरं आहे. युद्धातल्या खऱ्या लेझरलाही हेच कोडं सोडवावं लागतं. १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशात कर्नूलजवळच्या चाचणी क्षेत्रावर डीआरडीओनं ३० किलोवॅटच्या लेझर शस्त्राचं प्रात्यक्षिक केलं आणि त्यानं विनाचालक विमान पाडलं. ३० किलोवॅटचा किरण बाहेर पडतो तेव्हा त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता यंत्रातच राहते आणि ती वाहून न्यावी लागते. किरणही उडत्या लक्ष्याच्या एकाच जागी टिकवून धरावा लागतो, तेव्हा कुठे तिथलं कवच वितळतं. शिकागोच्या पटाचे नियम लिहिले गेले तेव्हा अशी शस्त्रं प्रयोगांपुरतीच होती. तरी त्या नियमांनी कोडं नेमकं ओळखलं होतं.

रात्री साडेअकराला

भारतातून हा खेळ खेळायचा तर वेळ युरोपची धरावी लागते. आपल्याकडे साडेअकरा वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि सामने पटापट भरतात. सर्व्हर लांब, त्यामुळे पिंग दोनशे मिलिसेकंदांच्या वर. बटण दाबणं, सर्व्हरला ते कळणं आणि त्याचं उत्तर परत येणं यांत पंचमांश सेकंदाच्या आसपास जातो. तेवढ्यात धावता मेक काही मीटर पुढे गेलेला असतो. यावर २०१३मध्ये उपाय झाला. सर्व्हर मागच्या क्षणांची स्थिती लक्षात ठेवतो, आणि तुमचं बटण पोचलं की तुम्हाला त्या वेळी शत्रू कुठे दिसत होता ते मागे जाऊन तपासतो. लेझरचा किरण तर दाबताक्षणीच लक्ष्यावर असतो, त्याला पुढचा अंदाज बांधून नेम धरावा लागत नाही. नाशिकमध्ये बसून खेळणाऱ्यानं लेझर का धरला, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

सामन्याआधी मैदानासाठी मतदान होतं. टेरा थर्मा हे ज्वालामुखीचं मैदान, तिथे मेक मुळातच गरम राहतो. फ्रोझन सिटी बर्फातलं. लेझरवाल्याचं मत कुठे पडणार ते सांगायला नको. त्या रात्री फ्रोझन सिटी निघालं आणि भावानं खुर्ची पुढे ओढली.

मेक चालवणं मोटार चालवण्यासारखं नाही. पाय एका दिशेनं चालतात आणि कमरेवरचं धड दुसऱ्या दिशेला वळतं. थ्रॉटल एकदा लावला की पाय चालतच राहतात. हात धडापेक्षा चपळ, म्हणून नेमाच्या खुणा दोन. धडातली शस्त्रं एका खुणेवर लागतात, हातातली दुसरीवर. भाऊ एका इमारतीच्या उजव्या कडेला जाऊन थांबला. मी डावीकडून का नाही म्हणून विचारलं. इमारतीच्या डाव्या कडेनं डोकावलं असतं, तर लेझर बाहेर यायच्या आधी अर्धं अंग बाहेर आलं असतं, असं तो म्हणाला. "खांदा उजवा, म्हणून कोपराही उजवा." तो बाहेर पडला, सहा डागले, श्वास, तीन डागले. किरण विझताच धड डावीकडे फिरवलं आणि परत आड. आलेला मार त्याच्या उजव्या हातावर बसला. त्या हाताचं चिलखत खांद्याची ढाल म्हणून वापरायचं असतं. तापाची पट्टी तीन चतुर्थांशाच्या वर होती. ती उतरेपर्यंत तो थांबला. या थांबण्यातच खेळाडूची पारख होते असं मला वाटतं. समोर जखमी शत्रू दिसतो, बोट शिवशिवतं, आणि डागलं तर आपण बंद पडणार हे माहीत असतं. बंद पडणं टाळायची एक कळ आहे, पण ती दाबून मर्यादा ओलांडली तर यंत्र आतून जळायला लागतं.

तेवढ्यात सगळी तुकडी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरू लागली. खेळाडू याला 'नॅस्कार' म्हणतात, अमेरिकेतल्या मोटार शर्यतीवरून. जो तो शत्रूची पाठ पकडायला धावतो आणि आपले शंभर टनी मेक मागे एकटे पडतात. मला ही सवय अगदी वाईट वाटली. ज्यांच्या अंगावर सर्वांत जाड चिलखत आहे त्यांनाच सोडून जायचं, यात कसलं शहाणपण? भाऊही तसंच म्हणतो, पण माइकवर सांगून तुकडी थांबतेच असं नाही. तो मागे राहिला, त्या शंभर टनींपैकी एका अ‍ॅटलसजवळ. तिथेच २० टनी लोकस्ट पाठीमागून आला. फर्रकन गोल फिरत तो पाठीवर लेझर मारत होता. "पायावर मार, पायावर," कुणीतरी माइकवर ओरडलं. एवढ्याशा धावत्या धडावर किरण ठरत नाही, पाय गेला की तो लंगडतो. भावानं हातांचे आणि डोक्यातला असे तीनच वापरले. लोकस्ट लंगडला, अ‍ॅटलसनं त्याला संपवलं.

या भानगडीत समोरून दोघे आले आणि उजवा खांदा गेला. खांद्याबरोबर उजवा हातही गळून पडला. नऊपैकी दोन लेझर राहिले, डाव्या हातातला आणि डोक्यातला. एक्सएल इंजिन असतं तर तो इथेच संपला असता. आता दहा गुणांचा मार, पण ताप जवळजवळ नाहीच. दोन सिंक खांद्याबरोबर गेले, दोन हाताबरोबर. राहिलेले चौदा दोन लेझरना सहज पुरतात. त्यानं मेलेली बाजू शत्रूकडे केली आणि तयार झाले की डाग, तयार झाले की डाग, असं अखंड लावलं. समोरच्या मेकची छाती अ‍ॅटलसनं आधीच उघडी केली होती. ती या दोन किरणांनी फुटली. त्यानंतर तो पडला. सामना हरला.

लगेच तो मेकलॅबमध्ये परतला. त्या पडून राहिलेल्या दीड टनाचा वाद आमच्यात पुन्हा निघाला. माझं म्हणणं, एक टन घालून इंजिन २६०चं कर, ताशी तीन किलोमीटर वाढतील. तो म्हणे तीन किलोमीटरनं लोकस्ट गाठता येत नाही. त्यापेक्षा डोक्यातला लेझर पल्स जातीचा करावा. तो दोन टनांचा, पल्ल्यानं आखूड, पण त्याचा किरण लवकर आटपतो. खांदा गेल्यावर जे दोन उरतात त्यांतला एक तरी चांगला असावा. मग त्यानं पाठीचं चिलखत छातीकडे सरकवायला घेतलं. आत्ताच पाठीवर मार खाल्ला होता, म्हणून मी त्याला अडवलं. तो म्हणाला, पाठीला माझी तुकडी आहे. मी म्हटलं, तुकडी तर नॅस्कार करत होती. पाठीवरचे चार गुण त्यानं परत ठेवले.